दहा सेंटिमीटरचा कायदा

अमेरिकेत पाळण्यासाठी कासव विकायचे असेल, तर त्याच्या पाठीची ढाल किमान चार इंच, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर लांब असावी लागते. त्याहून लहान कासव विकणे, विक्रीसाठी बाळगणे किंवा धंद्याचा भाग म्हणून वाटणे हा गुन्हा आहे. त्यासाठी एक हजार डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तेथील अन्न व औषध प्रशासनाने हा नियम १९७५ मध्ये केला. तो कासवांच्या रक्षणासाठी नव्हता, लहान मुलांच्या रक्षणासाठी होता. चार इंचांचे मापही मुलांवरूनच ठरले. एवढे मोठे कासव लहान मूल सहसा तोंडात घालू शकत नाही, असा त्यामागचा साधा हिशेब.

या नियमाला आता ५० वर्षे उलटून गेली आहेत. त्याने लाखो मुलांना आजारापासून वाचवले, यात शंका नाही. पण याच ५० वर्षांत ही छोटी कासवे जगभरच्या बाजारांत पोहोचली, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू तयार झाले आणि दूरदूरच्या देशांतील तळी परदेशी कासवांनी भरली. नियम करणाऱ्यांच्या मनात यातले काहीच नव्हते. प्राणी, आजार आणि बाजार यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे समजून घेण्यासाठी या नियमाची कहाणी उपयोगी आहे. घरातल्या मत्स्यालयात एखादे कासव पोहत असेल, तर ती आपल्याही घरची कहाणी आहे.

खेळणे की प्राणी?

१९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतील किरकोळ वस्तूंच्या दुकानांत खेळण्यांच्या शेजारीच छोटी कासवे मिळत. हिरवट पाठ, डोळ्यांमागे लाल पट्टा आणि आकार आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. सोबत प्लॅस्टिकचे वाडगे आणि त्यात प्लॅस्टिकचे माडाचे झाड. कुत्र्या-मांजराच्या मानाने किंमत नगण्य. भुंकत नाही, चावण्याची भीती फारशी नाही, जागा लागत नाही. त्यामुळे 'मुलांचा पहिला पाळीव प्राणी' म्हणून ही कासवे घरोघर गेली. या कासवांचे नाव रेड-इअर्ड स्लायडर. आपण त्यांना लाल कानाची कासवे म्हणू. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली ही जात लुइझियाना राज्यातील शेततळ्यांत मोठ्या प्रमाणावर वाढवली जाई.

याच काळात तेथील डॉक्टरांना लहान मुलांच्या जुलाबांमागे एक समान धागा दिसू लागला. मुलांच्या शौचात साल्मोनेला जातीचे जिवाणू सापडत आणि घरात चौकशी केली की कासव निघे. साल्मोनेला हे नाव आपल्याला टायफॉइडमुळे परिचयाचे आहे. टायफॉइडचा जंतू मात्र माणसातच राहतो आणि माणसाकडूनच पसरतो. साल्मोनेलाच्या कुळात अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतील पुष्कळसे प्राण्यांच्या आतड्यांत मुक्काम करतात. कासव, सरडा, साप अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात ते अगदी सुखाने राहतात. त्या प्राण्याला त्याचा काही त्रास होत नाही. कासव खाते, पोहते, उन्हात बसते आणि अधूनमधून विष्ठेतून जंतू बाहेर टाकत राहते.

कासव ज्या पाण्यात राहते, त्याच पाण्यात विष्ठा करते. त्यामुळे जंतू पाण्यात, पाण्यातून त्याच्या कवचावर आणि कवचावरून मुलाच्या बोटांवर येतात. मूल कासवाला कुरवाळते, त्याची पापी घेते, पाण्यात हात घालते आणि तीच बोटे तोंडात घालते. संसर्ग होण्यासाठी कासवाला हात लावण्याचीही गरज नसते. टाकीचे पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतले, कासव फरशीवर फिरायला सोडले आणि त्याच फरशीवर बाळ रांगले, एवढेही पुरते.

१९७०-७१ च्या सुमारास केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत कासवांमुळे दरवर्षी सुमारे २ लाख ८० हजार लोकांना साल्मोनेलाचा संसर्ग होत होता. देशातील अशा एकूण संसर्गांपैकी हा वाटा सुमारे १४ टक्के होता. आजारी पडणाऱ्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती.

प्रमाणपत्राचा प्रयोग फसला

सरकारने थेट बंदी घातली नाही. आधी मधला मार्ग काढला. १९७२ मध्ये असा नियम झाला की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कासवांच्या खेपेला 'साल्मोनेलामुक्त' असल्याचे प्रमाणपत्र हवे. धंदा चालू राहील आणि मुलेही सुरक्षित राहतील, अशी अपेक्षा होती.

ती पूर्ण झाली नाही. कासवाच्या विष्ठेतून जंतू रोज बाहेर पडत नाहीत. आज तपासले तर निर्दोष, आठवड्याने तपासले तर दूषित, असे सहज होते. प्रवास, गर्दी, उपासमार अशा ताणामुळे जंतू बाहेर पडण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे शेततळ्यावर निर्दोष ठरलेले कासव दुकानात पोहोचेपर्यंत जंतू पसरवू लागलेले असे. शिवाय एका दूषित कासवाबरोबर शेकडो कासवे एकाच पाण्यात ठेवली की प्रमाणपत्राला अर्थच उरत नसे. प्रयोगशाळेचा निर्दोष अहवाल म्हणजे 'त्या दिवशी, त्या नमुन्यात जंतू सापडला नाही', एवढेच. डॉक्टरी व्यवसायात रोज जाणवणारी ही गोष्ट त्या नियमात सुटली होती.

अखेर १९७५ मध्ये चार इंचांची अट आली. छोट्या कासवाला एवढे वाढायला काही वर्षे लागतात. तितके दिवस त्याला पोसून विकणे कुणालाच परवडणारे नव्हते. त्यामुळे देशातली उघड विक्री जवळजवळ थांबली. परिणामही लगेच दिसला. पुढच्या काळातील आकड्यांवरून संशोधकांनी काढलेला अंदाज असा की, या नियमामुळे दरवर्षी सुमारे एक लाख मुलांचा आजार टळला. एका ओळीच्या नियमाने एवढे साधल्याची उदाहरणे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात फार नाहीत. पुढचे सारे वाचताना हे विसरून चालणार नाही.

दार बंद, खिडक्या उघड्या

नियमाला अपवाद होते. संशोधन, शिक्षण आणि प्रदर्शन यांसाठी छोटी कासवे देता येत होती. व्यवसायाशी संबंध नसलेली देवाणघेवाण चालत होती. आणि सर्वांत मोठा अपवाद म्हणजे निर्यात. आपल्या मुलांसाठी घातक ठरलेला माल दुसऱ्यांच्या मुलांसाठी परदेशी पाठवायला मोकळीक होती.

लुइझियानातील कासव-शेतकऱ्यांनी मग परदेशाची वाट धरली. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून लाल कानाची ५ कोटी २० लाखांहून अधिक कासवे युरोप आणि आशियात गेली. त्यातच १९८० च्या दशकाअखेरीस निन्जा टर्टल्स या व्यंगचित्र मालिकेने मुलांमध्ये कासवांची हौस वाढवली होती. दुकानात नाण्याएवढे दिसणारे कासव पुढे ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते, हे घेणाऱ्याला बहुधा कुणी सांगत नसे.

परदेशी ग्राहकांना साल्मोनेलामुक्त कासवे हवी होती. त्यासाठी कासवांची अंडी जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत निघाली. औषध कवचातून आत जावे म्हणून दाबाचा वापर केला जाई. सुरुवातीला जंतूंचे प्रमाण कमी झाले. पण सगळेच जंतू मेले नाहीत, आणि जे उरले ते औषधाला सरावलेले होते. १९९० च्या सुमारास कॅनडातील संशोधकांनी लुइझियानाच्या निर्यातीच्या कासवांमध्ये जेंटामायसिनला दाद न देणारे साल्मोनेला सापडल्याचे नोंदवले. जेंटामायसिन हे काही अडगळीत पडलेले औषध नाही. नवजात बालकांच्या गंभीर जंतुसंसर्गात आपल्या सरकारी रुग्णालयांतही ते आजवर वापरले जाते. स्वस्त आहे आणि अनुभवाचे आहे. एका जिवाणूने मिळवलेली प्रतिकाराची क्षमता जनुकांच्या देवाणघेवाणीतून दुसऱ्या जिवाणूंकडेही जाऊ शकते. पाळीव प्राण्याचा धंदा टिकवण्यासाठी वापरलेल्या औषधाची किंमत अशी भलत्याच ठिकाणी मोजावी लागू शकते.

देशांतर्गत विक्रीही पूर्ण थांबली नाही. तिने रूप बदलले. छोटी कासवे रस्त्याकडेला, पर्यटनस्थळी, जुन्या बाजारात मिळू लागली. कुठे 'फक्त शैक्षणिक उपयोगासाठी' अशी पाटी लावून, तर कुठे 'टाकी विकत घ्या, कासव फुकट' अशा युक्तीने. अधिकृत दुकानदार निदान हात धुण्याची सूचना देऊ शकतो. टोपलीत कासवे घेऊन फिरणारा विक्रेता ना सूचना देत, ना पावती. मूल आजारी पडल्यावर कासव कुठून आले याचा माग काढायला जावे, तर विक्रेता केव्हाच दुसऱ्या गावी गेलेला असतो.

२००६ ते २०१४ या काळात अमेरिकेत कासवांमुळे अनेक राज्यांत एकाच वेळी पसरलेल्या साल्मोनेलाच्या १५ साथी नोंदवल्या गेल्या. बंदीला तीस-चाळीस वर्षे होऊनही छोटी कासवेच त्यांत प्रमुख कारण होती. २००७ मध्ये फ्लोरिडात अवघ्या काही आठवड्यांचे एक बाळ साल्मोनेलाच्या संसर्गाने दगावले. घरात एक छोटे कासव होते. ते जुन्या बाजारातून घेतलेले होते आणि ओळखीच्यांनी भेट म्हणून दिले होते. बाळाच्या शरीरातील आणि कासवाच्या अंगावरील जंतूंचा जनुकीय ठसा एकच निघाला. एवढे तान्हे बाळ स्वतः कासवाकडे जाऊ शकत नाही. जंतू त्याच्यापर्यंत पोहोचतो तो घरातल्या मोठ्यांच्या हातांतून, कपड्यांतून किंवा भांड्यांतून.

कासव नाही, तर इग्वाना

नियमात नाव फक्त कासवाचे होते. साल्मोनेला मात्र बहुतेक सर्वच सरपटणाऱ्या प्राण्यांत असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत इग्वाना हा हिरवा, मोठा सरडा पाळण्याची हौस वाढली. १९८६ मध्ये सुमारे २८ हजार इग्वाना आयात झाले होते. १९९३ मध्ये ही संख्या ८ लाखांच्या जवळ गेली. हे केवळ कासवबंदीमुळे झाले असे म्हणता येणार नाही, हौसेची लाट ही लाटच असते. पण आरोग्य विभागाला पुन्हा तोच आजार, फक्त वेगळ्या प्राण्यासह भेटू लागला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत दरवर्षी सुमारे ७४ हजार साल्मोनेला संसर्गांमागे सरपटणारे आणि उभयचर प्राणी होते.

लुइझियानाच्या कासव-शेतकऱ्यांनी हाच मुद्दा न्यायालयात मांडला: साप, सरडे चालतात, मग कासवावरच बंदी का? प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. कासव मुलांच्या हातात सर्वाधिक जाते, हे त्याचे व्यावहारिक उत्तर. चार इंचांच्या मापानेही एक गैरसमज रुजवला. त्याहून मोठे कासव सुरक्षित असते, असे लोकांना वाटू लागले. मोठे कासव तोंडात जात नाही इतकेच. त्याच्या विष्ठेत आणि पाण्यात जंतू तेवढेच असू शकतात.

तळ्यात सोडलेली कासवे

कासव मोठे झाले, टाकीला वास येऊ लागला, मुलांचा उत्साह ओसरला की घरात प्रश्न पडतो: आता याचे काय करायचे? मारवत नाही. मग संध्याकाळी गुपचूप जवळच्या तळ्यात सोडून दिले जाते. सोडणाऱ्याला वाटते, आपण त्याला मुक्त केले. लाल कानाचे कासव चिवट असते. मासे, शेवाळ, किडे, पाणवनस्पती, मिळेल ते खाते. उन्हाला बसण्याच्या जागांवरून स्थानिक कासवांना हुसकावते. जगातील १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याची गणना झाली आहे.

पर्यावरणाच्या या कारणासाठी युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच्याच जवळच्या नातेवाइकांना पुढे केले. लाल पट्ट्याऐवजी पिवळ्या पट्ट्याची कासवे दुकानांत आली. जंतू तोच, उपद्रव तोच, फक्त नाव वेगळे. २०१६ मध्ये युरोपीय संघाने या जातीच्या सर्व उपजातींना बंदीच्या यादीत घातले. ज्यांच्या घरी आधीपासून कासव आहे, त्यांना ते त्याच्या मरणापर्यंत सांभाळण्याची मुभा मात्र दिली.

जपानने या बाबतीत फार विचार केला. तेथे तळ्या-नद्यांत लाल कानाची लाखो कासवे पसरली होती आणि घरोघरीही ती पाळलेली होती. पाळणेच बेकायदा ठरवले, तर घाबरलेले लोक रातोरात घरातली कासवे तळ्यात सोडतील, ही भीती होती. म्हणून १ जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमात आयात, विक्री आणि निसर्गात सोडणे यांवर बंदी घातली. पण घरातले कासव पाळत राहायला परवान्याची अट ठेवली नाही आणि ते कुणाला विनामोबदला देण्याचीही मुभा ठेवली. कायदा करताना लोक त्यावर कसे वागतील याचा अंदाज आधी बांधला, हे त्याचे वैशिष्ट्य.

स्वीडनचा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. तेथे सरपटणारे प्राणी आणण्यावरचे निर्बंध १९९० च्या दशकाच्या मध्यास उठले आणि त्यांच्यापासून होणारे साल्मोनेलाचे संसर्ग वाढले. नंतर लोकशिक्षणाच्या मोहिमेने ते कमी झाले. म्हणजे निर्बंधांचा उपयोग होतो आणि माहिती देण्याचाही होतो. एकावर विसंबून दुसरे सोडले की गाडे अडते.

आपल्याकडे काय?

भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा आहे. गोड्या पाण्यातील बहुतेक देशी कासवे आणि तारका कासव यांना त्याचे संरक्षण आहे. ती पकडणे, विकणे, घरात ठेवणे गुन्हा आहे. तरीही 'घरात कासव असले की लक्ष्मी टिकते' या समजुतीपायी किंवा वीस नखांच्या कासवाविषयीच्या अंधश्रद्धेपायी त्यांची चोरटी विक्री अधूनमधून उघडकीस येते. हा कायदा दीर्घकाळ देशी वन्यजीवांपुरताच विचार करत होता. परिणामी शहरांतील मत्स्यालयांच्या दुकानांत देशी कासवांची जागा परदेशी, लाल कानाच्या कासवांनी घेतली. 'हे परदेशी आहे, चालते' हे दुकानदाराचे उत्तर पुण्या-मुंबईच्या अनेक ग्राहकांनी ऐकले असेल. चेन्नई आणि तिरुचिरापल्ली विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातून अशी छोटी कासवे मोठ्या संख्येने पकडली जातात. आसाम आणि केरळमध्ये ती खुल्या पाणवठ्यांत आढळली असून केरळच्या वन संशोधन संस्थेने त्यांची माहिती कळवण्याचे आवाहन लोकांना केले होते.

२०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर निर्बंध घालण्याचे अधिकार केंद्र सरकारला दिले. हे अधिकार वापरताना अमेरिका, युरोप आणि जपान या तिघांचा अनुभव हाताशी आहे. नुसती बंदी जाहीर केली आणि घरातल्या कासवांसाठी वाट ठेवली नाही, तर गावोगावची तळी आणि देवळांची कुंडे हीच ती वाट ठरेल.

आरोग्याच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे साल्मोनेलाच्या संसर्गाचे मोठे कारण दूषित अन्न आणि पाणी हेच आहे. प्रत्येक जुलाबामागे कासव शोधायचे नाही. पण तान्ह्या बाळाला किंवा लहान मुलाला ताप, जुलाब आणि शौचातून रक्त पडत असेल, तर 'बाहेरचे काय खाल्ले' याबरोबरच 'घरात कोणता प्राणी आहे' हेही डॉक्टरांनी विचारावे, आणि नाही विचारले तर पालकांनी आपणहून सांगावे.

संसर्ग झाल्यावर ६ तास ते ६ दिवसांत ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. बहुतेक धडधाकट माणसे ४ ते ७ दिवसांत बरी होतात. त्यांना जलसंजीवनी, पातळ आहार आणि विश्रांती पुरते. बाळाचे अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. साध्या आजारात प्रतिजैविकांचा फायदा होत नाही, उलट जंतू शौचातून अधिक काळ बाहेर पडत राहू शकतात. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. धोका असतो तो पाच वर्षांखालील मुले, वयस्कर माणसे, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना. त्यांच्यात जंतू आतड्यातून रक्तात आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा हाडांपर्यंत जाऊ शकतो. सिकलसेलच्या रुग्णांत साल्मोनेलामुळे हाडे पू धरण्याचा धोका विशेष असतो. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांतील कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे, सतत उलट्या, शौचातून रक्त ही सगळी विनाविलंब रुग्णालयात जाण्याची कारणे आहेत.

घरात कासव असेल तर

पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर कासव पाळू नये. वाढदिवसाची भेट म्हणून तर कुणाच्याही घरी देऊ नये. भेट देणाऱ्याला त्या घरातल्या माणसांचे आजार माहीत नसतात.

कासव आधीपासून असेल, तर त्याला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. मुलांचे हात मोठ्यांनी समोर उभे राहून धुवून घ्यावेत. कासवाची पापी घेऊ नये, त्याला स्वयंपाकघरात किंवा जेवायच्या जागी फिरू देऊ नये. टाकी आणि तिच्यातले खडे भांडी घासायच्या जागी किंवा बाळाच्या टबमध्ये धुऊ नयेत; टाकीचे पाणी संडासात ओतावे आणि त्या कामाची बादली व घासणी वेगळी ठेवावी. कासव तंदुरुस्त दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. त्याची जंतूंची तपासणी करून घेण्यातही अर्थ नाही. १९७२ च्या प्रमाणपत्रांचे काय झाले ते वर आलेच आहे.

आणि कासव नकोसे झाले, तरी ते विहिरीत, नदीत, गणपती विसर्जनाच्या तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नये. पुण्य पदरात पडण्याऐवजी तेथल्या देशी कासवांच्या आणि माशांच्या जिवावर ते उठते. देशी कासव सापडले किंवा परदेशी कासव सांभाळणे अशक्य झाले, तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारणा करता येते. कासव पुढच्या ठिकाणी सुरक्षित पोहोचेपर्यंत ते घरातच, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे.